कार्बन नॅनोनलिका : एका तंतूचे बळ आणि दोराचे बळ

विहिरीवर मोट चालत असे त्या काळी नाडा वळणे हे जबाबदारीचे काम मानले जाई. अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख घ्यावयाचा, तो विंचरून त्याचे पेड करावयाचे आणि ते एकमेकांभोवती घट्ट पिळावयाचे, अशी ती रीत होती. वाखाचा कोणताही एक धागा विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत पोचत नाही. तरीही अशा तोकड्या धाग्यांचा मिळून झालेला नाडा पाण्याने भरलेली मोट वर ओढून आणीत असे. याचे कारण पिळात आहे. दोराला ताण बसला की पिळामुळे धागे एकमेकांवर आवळले जातात, त्यांच्यात घर्षण निर्माण होते आणि एका धाग्यावरील भार शेजारच्या धाग्यावर जातो. पीळ सैल असेल तर धागे तुटण्यापूर्वीच एकमेकांवरून सरकतात आणि दोर उकलतो. धागा कितीही चिवट असो, दोराचे बळ धाग्याच्या बळाइतकेच धाग्याधाग्यांतील पकडीवर अवलंबून असते.

मोटा आता खेड्यापाड्यांतूनही दिसेनाशा झाल्या आहेत. परंतु नाडा वळणाऱ्याला पडणारा हा प्रश्न जगातील नामवंत प्रयोगशाळांपुढे गेल्या तीन दशकांहून अधिक काळ उभा आहे. पोलादाहून कितीतरी पट बळकट आणि वजनाने हलका असा एक तंतू विज्ञानाला गवसला आहे. त्याचे नाव कार्बन नॅनोनलिका. या तंतूचे बळ दोरात, पत्र्यात, यंत्राच्या भागात कसे उतरवावयाचे, ही त्यापुढील खरी समस्या आहे.

कोळसा, हिरा आणि नळी

कार्बन हे मूलद्रव्य सर्वांच्या परिचयाचे आहे. दिव्याची काजळी, चुलीतील कोळसा, पेन्सिलीतील तथाकथित शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि अंगठीतील हिरा ही सारी कार्बनचीच रूपे होत. त्यांच्या गुणांतील फरक अणूंच्या मांडणीमुळे पडतो. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजारी अणूंशी चहूदिशांनी बांधलेला असतो. म्हणून हिरा कठीण. ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक अणू एकाच पातळीतील तीन शेजाऱ्यांशी जोडलेला असतो. त्यामुळे मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनांची सलग जाळी तयार होते. अशा जाळ्या एकावर एक रचल्या की ग्रॅफाइट बनते.

या रचनेत दोन प्रकारची बळे आहेत आणि पुढील सर्व विवेचनाची किल्ली त्यांतच आहे. जाळीच्या आत शेजारच्या दोन अणूंमधील अंतर ०.१४२ नॅनोमीटर असून त्यांच्यातील बंध हा निसर्गातील अत्यंत बळकट बंधांपैकी एक आहे. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. उलट, एका जाळीपासून दुसरी जाळी सुमारे ०.३४ नॅनोमीटर दूर असते आणि त्यांच्यातील आकर्षण फारच दुबळे असते. पेन्सिल कागदावर घासली की जाळ्या एकमेकींवरून सहज सरकतात आणि काळी रेघ उमटते. मऊ समजल्या जाणाऱ्या ग्रॅफाइटच्या पोटात असे असामान्य बळ दडलेले आहे, पण ते फक्त जाळीच्या पातळीतच आहे.

हीच एक जाळी चटईप्रमाणे गुंडाळून तिच्या दोन कडा अणूला अणू जुळवून सांधल्या, तर जी बिनसांध्याची नळी होईल ती कार्बन नॅनोनलिका. एकाच भिंतीच्या नलिकेचा व्यास बहुधा एक ते दोन नॅनोमीटर असतो. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ८० हजार नॅनोमीटर भरते, यावरून तिच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. एका नळीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा अनेक भिंतींच्या नलिकाही असतात. त्यांचा व्यास काही नॅनोमीटरपासून कित्येक दशक नॅनोमीटरपर्यंत असतो आणि दोन भिंतींमधील अंतर ग्रॅफाइटप्रमाणेच सुमारे ०.३४ नॅनोमीटर राहते.

शोधाची वाटचाल

जपानमधील त्सुकुबा येथील एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमियो इजिमा यांनी १९९१ साली या नलिकांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने सविस्तर वर्णन केले आणि जगाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. दोन ग्रॅफाइट दांड्यांमध्ये विजेची ठिणगी पाडल्यावर जी काजळी जमते, तीत त्यांना अनेक भिंतींच्या नळ्या आढळल्या. १९९३ साली इजिमा यांच्या आणि अमेरिकेतील आयबीएमच्या संशोधकांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, एका भिंतीच्या नलिका मिळविल्या.

तथापि या तंतूंची चाहूल त्यापूर्वीच लागली होती. १९५२ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी रशियन नियतकालिकात अशा पोकळ कार्बन तंतूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. १९७६ साली ओबर्लिन, एंडो आणि कोयामा यांच्या निबंधातही अशा नळ्या दिसतात. त्याहून कुतूहलाची गोष्ट २००६ साली पुढे आली. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीच्या पोलादात नॅनोनलिकांसारख्या रचना आढळल्याची नोंद केली. अशा तलवारींसाठी लागणाऱ्या ‘वूट्झ’ पोलादाच्या वड्या दक्षिण भारतातून पश्चिम आशियात जात असत. त्या लोहारांना अणूंची मांडणी ठाऊक असणे शक्यच नव्हते. परंतु भट्टी, खनिज आणि वनस्पतिज कार्बन यांवरील त्यांचे प्रभुत्व मात्र यातून दिसून येते.

नलिका तयार करण्याची आजची प्रमुख रीतही तत्त्वतः भट्टीचीच आहे. लोह, कोबाल्ट किंवा निकेल यांचे अतिसूक्ष्म कण उत्प्रेरक म्हणून ठेवतात आणि सुमारे ६०० ते १,००० अंश सेल्सिअस तापमानाला त्यांवरून मिथेन अथवा असिटिलीनसारखा कार्बनयुक्त वायू सोडतात. वायूचे विघटन होते, कार्बन धातूच्या कणावर जमतो आणि कणाच्या आकारानुसार नळीच्या रूपाने वाढू लागतो. कण जेवढा बारीक, नळी तेवढी बारीक.

गुंडाळण्याच्या रीतीचे महत्त्व

षट्कोनांची नक्षी असलेला कागद सरळ गुंडाळला, आडवा गुंडाळला किंवा तिरपा गुंडाळला, तर नक्षी वेगवेगळ्या रीतीने फिरते. कागदाच्या बाबतीत हा केवळ दिसण्यातील फरक असतो. नलिकेच्या बाबतीत मात्र त्यावर तिचे विद्युतगुण ठरतात. काही रीतींनी गुंडाळलेली नलिका धातूप्रमाणे वीज वाहून नेते, तर काही रीतींनी गुंडाळलेली सिलिकॉनप्रमाणे अर्धवाहक बनते. सर्व प्रकारच्या नलिका सारख्याच प्रमाणात तयार झाल्या तर ढोबळमानाने त्यांपैकी एकतृतीयांश धातुसदृश आणि दोनतृतीयांश अर्धवाहक निघतात. मूलद्रव्य तेच, बंधही तेच. केवळ तिरपेपणा बदलल्याने असा पालट व्हावा, हे या पदार्थाचे वैशिष्ट्य आहे.

बळाचे मोजमाप

डोळ्यांना न दिसणाऱ्या तंतूचे बळ मोजणार कसे? १९९६ साली एका टोकाला पकडलेल्या नलिकांची मोकळी टोके केवळ उष्णतेमुळे किती थरथरतात, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पाहण्यात आले. ताठर काठी कमी हलते, लवचिक काठी अधिक. या थरथरीवरून ताठरपणा काढण्यात आला. १९९७ साली हार्वर्ड विद्यापीठात सूक्ष्म सुईने नलिका वाकवून तो पुन्हा मोजला गेला. अशा अनेक प्रयोगांतून नलिकेचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे १,००० गिगापास्कल धरला जातो. पोलादाचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल आहे. म्हणजे ताठरपणात नलिका पोलादाच्या पाचपट ठरते.

ताठरपणा आणि तुटण्यापूर्वी सोसलेला ताण या दोन भिन्न गोष्टी आहेत. २००० साली अमेरिकेत रुऑफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक भिंतींच्या १९ नलिका दोन सूक्ष्म सुयांना चिकटवून, तुटेपर्यंत ओढून पाहिल्या. बाहेरच्या भिंतीचे ताणबल ११ ते ६३ गिगापास्कल भरले. एक गिगापास्कल म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेला सुमारे १०० किलोग्रॅम वजन टांगल्यावर पडणारा ताण. घरबांधणीतील सळई सुमारे अर्ध्या गिगापास्कलला कायमची ताणली जाऊ लागते. पोलादाची उत्तम तार दोन गिगापास्कलच्या आसपास ताण सोसते. ५० गिगापास्कल बळाची तेवढीच जाड तार करता आली तर ती पाच टन वजन पेलेल.

त्यातच ती हलकी. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट, तर एका भिंतीच्या नलिकांच्या जुडग्याची सुमारे १.४ पट आहे. एखादा दोर उंचावरून खाली सोडत गेले तर कधी ना कधी तो स्वतःच्याच वजनाने तुटतो. दोन गिगापास्कल बळाची पोलादी तार सुमारे २६ किलोमीटरनंतर तुटेल. ५० गिगापास्कल बळाचा नलिकांचा दोर, गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखेच धरून, सुमारे ३,६०० किलोमीटरपर्यंत टिकेल. विषुववृत्तापासून अवकाशापर्यंत दोर बांधून त्यावरून सामान वर चढवावे, ही रशियन अभियंता युरी आर्तसुतानोव यांनी १९६० साली मांडलेली कल्पना नलिकांच्या शोधानंतर पुन्हा चर्चेत आली, ती याच हिशेबामुळे.

या नलिकांचा आणखी एक गुण म्हणजे चिवटपणा. काच वाकविली तर फुटते. नलिका फार वाकविली तर उसाच्या चिपाडासारखी मोडून न पडता एका जागी चेपते आणि भार काढताच पुन्हा सरळ होते.

बळ दोरात का उतरत नाही

मग पुलांचे दोर आणि उद्वाहनांच्या तारा अजून पोलादाच्याच का? याचे उत्तर रुऑफ यांच्या प्रयोगातच सापडते. त्या प्रयोगात बाहेरची भिंत तुटली आणि आतील नळ्या म्यानातून तलवार निघावी तशा अलगद बाहेर सरकल्या. सारा भार एकट्या बाहेरच्या भिंतीने वाहिला होता. आतील भिंती नुसत्याच बसून होत्या. म्हणून नलिकेचा संपूर्ण छेद हिशेबात धरला की बळाचा आकडा एकदम खाली येतो. ग्रॅफाइटच्या जाळ्यांमधील जो दुबळेपणा पेन्सिलीला लिहू देतो, तोच येथे आड येतो. त्याच वर्षी बर्कली येथील कमिंग्ज आणि झेटल यांनी आतील नळी बाहेर ओढून सोडून दिली, तेव्हा ती आपोआप आत परतली, इतके घर्षण अल्प होते. अतिसूक्ष्म यंत्राच्या धारव्यासाठी हा गुण उत्तम. दोरासाठी तोच अवगुण ठरतो.

नलिकांचे जुडगे केले की हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. वाखाच्या खरबरीत धाग्याला शेजारचा धागा पकडता येतो. नलिकेचा पृष्ठभाग मात्र अणूंच्या पातळीवर गुळगुळीत असतो. ओढ बसताच नलिका तुटण्याऐवजी सरकतात. तिसरी अडचण दोषांची आहे. जाळीत एखादा अणू गळला, किंवा षट्कोनांच्या जागी पंचकोन-सप्तकोन बसले, तर साखळीतील कच्च्या कडीप्रमाणे तेथूनच तूट सुरू होते. नळी जितकी लांब, तितकी अशी कडी असण्याची शक्यता अधिक.

यावर जे उपाय शोधले गेले ते वाचताना नाडा वळणाऱ्याची आठवण व्हावी. २००४ साली टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील लोकरतज्ज्ञांच्या मदतीने, उभ्या वाढविलेल्या नलिकांच्या दाट रानातून पेळूतून सूत काढावे तसे तंतू ओढून त्यांना पीळ दिला. सूत निघाले, परंतु त्याचे बळ अर्ध्या गिगापास्कलहूनही कमी होते. ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठात नलिका तीव्र आम्लात विरघळवून, बारीक छिद्रांतून दाबून एकाच दिशेने मांडण्यात आल्या. या रीतीने पुढे चार गिगापास्कलच्या आसपास बळाचे तंतू मिळाले. नलिका जितक्या लांब, तितका त्यांचा एकमेकींशी स्पर्श अधिक आणि पकडही अधिक, हे सूत्र तेथेही सिद्ध झाले. चीनमधील त्सिंगहुआ विद्यापीठाने २०१३ साली अर्ध्या मीटरहून लांब नलिका वाढविली आणि २०१८ साली काही सेंटीमीटर लांबीच्या निर्दोष नलिकांचे, सर्वांवर सारखा ताण येईल असे जुडगे बांधून ८० गिगापास्कलहून अधिक बळ दाखविले. एका तंतूचे बळ दोरात उतरू शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले; मात्र ते प्रयोगशाळेतील काही सेंटीमीटरांपुरते. किलोमीटरभर दोर आणि तोही परवडणाऱ्या किमतीत, हा टप्पा अद्याप दूर आहे.

आज होणारे उपयोग

असे असले तरी नलिका निरुपयोगी ठरलेल्या नाहीत. अवकाशाच्या दोराची प्रतीक्षा न करता उद्योगांनी त्यांना वेगळेच काम दिले आहे. मातीच्या गिलाव्यात भुसा कालवला की भिंतीला तडे कमी जातात, कारण काडी तड्याच्या दोन्ही कडा धरून ठेवते. इपॉक्सीसारख्या राळेत थोड्या नलिका मिसळल्या की त्याही असेच काम करतात. खेळाच्या रॅकेटी, होड्यांची अंगे आणि अन्य संमिश्र वस्तू यांत त्यांचा वापर झाला आहे. प्लॅस्टिकमध्ये अल्प प्रमाणात मिसळलेल्या लांब, बारीक नलिका एकमेकींना स्पर्श करून विजेसाठी सलग वाट तयार करतात. मोटारीच्या इंधननळीत स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून असे प्लॅस्टिक वापरतात. २०११ साली गुरू ग्रहाकडे निघालेल्या ‘ज्यूनो’ यानावरही स्थिर विजेपासून संरक्षणासाठी नलिकांचे पत्रे बसविण्यात आले होते.

मोठा उपयोग मात्र लिथियम-आयन विद्युत्‌घटांत होत आहे. भ्रमणध्वनी आणि विजेवर चालणारी वाहने यांना शक्ती पुरविणाऱ्या या घटांतील क्रियाशील भुकटी स्वतः चांगली विद्युत्‌वाहक नसते. नलिकांची जाळी तिच्या कणाकणाला जोडते. अधिक साठवणक्षमतेसाठी सिलिकॉन वापरावे तर भारित होताना ते फुगून आकारमानाने तिप्पट-चौपट होते आणि कणांचा संपर्क तुटतो. येथे नलिकांचा चिवटपणा कामी येतो. त्या वाकतात, ताणल्या जातात, पण जोड सोडत नाहीत.

इलेक्ट्रॉनिकीतही प्रगती आहे. १९९८ साली नलिकेचा पहिला ट्रान्झिस्टर झाला. २०१३ साली स्टॅनफर्ड येथे १७८ ट्रान्झिस्टरांचा संगणक चालविला गेला आणि २०१९ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत १४ हजारांहून अधिक नलिका-ट्रान्झिस्टरांचा सूक्ष्मप्रक्रियक तयार झाला. धातुसदृश नलिका वेगळ्या काढणे ही येथील मोठी अडचण आहे.

भारतातील प्रयत्न

भारतीय शास्त्रज्ञांचा या क्षेत्रातील वाटा लक्षणीय आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अजय सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नलिकांवरून द्रव वाहू दिला असता विद्युत्‌दाब निर्माण होतो, हे दाखविले. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील ओंकारनाथ श्रीवास्तव आणि अमेरिकेतील पुलिकेल अजयन यांच्या गटांनी २००४ साली नलिकांची गाळणी तयार केली. तिने पाण्यातील जिवाणू आणि पोलिओचे विषाणू अडविले; शिवाय उष्णता सोसण्याच्या गुणामुळे ती पुन्हापुन्हा निर्जंतुक करून वापरता येत होती. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील महेश्वर शॅरन यांचे कार्य येथे विशेष उल्लेखनीय आहे. खनिज तेलापासून मिळणाऱ्या वायूऐवजी घरोघरी परिचित असलेल्या कापरापासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन नॅनोनलिका मिळविल्या. वनस्पतींपासून मिळणारा कच्चा माल या कामी चालू शकतो, हे त्यामुळे दिसून आले. केंद्र शासनाने २००७ साली पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह नॅनो मिशनला मान्यता दिली, तेव्हा अशा संशोधनाला अधिक बळ मिळाले.

आवश्यक ती दक्षता

लांब, बारीक, ताठर आणि न कुजणारा तंतू, हे वर्णन ॲस्बेस्टॉसलाही लागू पडते. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यास कित्येक वर्षांनी घातक रोग होतात, हे जगाला फार उशिरा उमगले. २००८ साली उंदरांवरील प्रयोगात अनेक भिंतींच्या लांब नलिकांनी ॲस्बेस्टॉससारखाच दाह निर्माण केल्याचे आढळले. आखूड, गुंतलेल्या नलिकांनी तसे केले नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली अशा नलिकांच्या एका विशिष्ट प्रकाराला ‘कर्करोगास संभाव्य कारण’ ठरविले. कामाच्या जागी हवेत दर घनमीटरला एक मायक्रोग्रॅमहून अधिक नलिका नसाव्यात, अशी शिफारस अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१३ साली केली.

राळेत किंवा प्लॅस्टिकमध्ये बद्ध झालेल्या नलिकांपासून वापरणाऱ्याला धोका कमी असतो. धोका आहे तो कोरडी भुकटी हाताळणाऱ्या, संमिश्र कापणाऱ्या आणि घासणाऱ्या कामगारांना. बंदिस्त यंत्रे, हवा शोषून गाळणारी व्यवस्था, ओली हाताळणी आणि योग्य मुखपट्ट्या हे उपाय खर्चिक नाहीत. ते कारखाना उभारतानाच योजले पाहिजेत.

पुढील दिशा

नॅनोनलिकांचा आजवरचा इतिहास उत्साहाला संयमाची जोड देणारा आहे. पोलादाहून बळकट तंतू हाती आला, म्हणजे बळकट दोर हाती आला असे होत नाही. तंतू लांब करणे, निर्दोष करणे, सारखा ताण देणे आणि त्यांच्यात पकड निर्माण करणे ही चार कामे त्यासाठी व्हावी लागतात. नाडा वळणारा कारागीर वाख निवडी, विंचरी, पेड सारखे ताणी आणि मगच पीळ देई, तो याच कारणांसाठी. तेच काम आता अणूंच्या मोजमापाने करावयाचे आहे. रसायन, यंत्रशास्त्र आणि वस्त्रोद्योग या तिन्ही विद्या जाणणाऱ्या तरुण अभियंत्यांना येथे करण्याजोगे बरेच काही आहे.